स्टारफ्रूट संपलं

सोमवार, ५ ऑक्टोबर

आज पाटी लागली. रंगाऱ्याने 'चाखणघर'मधला 'ण' जरा पोट सुटलेला काढलाय, पण लांबून शोभतो. पुढे दुकान तेच, केळी-पपई-कलिंगडांचं. त्यातून आत आलं की पूर्वी गोदाम होतं. तिथे आता पांढरा रंग, लाकडी टेबलं आणि मागच्या अंगणात उघडणारं मोठं दार. अंगणात माझी झाडं. गिऱ्हाइकाने जन्मात न खाल्लेली पाच फळं ताटलीत घ्यायची आणि प्रत्येक फळ कसल्या झाडाला लागतं ते उठून बघून यायचं, एवढाच धंदा. बायको म्हणाली, "लोक पोट भरायला पैसे देतात, बघायला नाही." मी म्हटलं, "मग सिनेमाला काय खायला जातात?" तर म्हणे, "हो, मक्याच्या लाह्या." हिच्याशी वाद घालून मी अजून एकदाही जिंकलेलो नाही.

हातगाडीपासून इथवर आलो ते कानांच्या जोरावर. लिलावात दलाल एकमेकांशी काय कुजबुजतात ते मला दोन गाळे पलीकडून ऐकू यायचं. वही लिहायचं कारण एवढंच, की नव्या धंद्यात चुका होणार, आणि त्या माणसांना सांगण्यापेक्षा कागदाला सांगितलेल्या बऱ्या.

पहिली ताटली व्याह्यांची. मोजणी खात्यातून निवृत्त झालेला माणूस, अजूनही खोलीत शिरला की नजरेनेच भिंतीला टेप लावतो. विहीणबाई गेल्यापासून ते मुला-सुनेजवळ, म्हणजे माझ्या मुलीजवळ राहतात. दोन गल्ल्या ओलांडल्या की घर. त्यांनी मँगोस्टीन खाल्लं, "बरं आहे" म्हणाले. एगफ्रूट खाल्लं, "उकडलेल्या अंड्याने साखर खाल्ल्यासारखं" म्हणाले. स्टारफ्रूटची चांदणीसारखी चकती मीठ-मिरपूड लावून तोंडात टाकली आणि डोळे मिटले. मग म्हणाले, "व्याही, बाकीची चार ठेवा तुमच्या गिऱ्हाइकांना. हे झाड माझ्या नावावर करा."

गुरुवार, ८ ऑक्टोबर

चालतंय. बँकेतले दोघे जेवणाच्या सुट्टीत आले. मँगोस्टीनच्या बुडाला एक छोटं फूल उमटलेलं असतं. त्याला पाकळ्या जितक्या, तितक्या आत फोडी. मी फळ न फोडता आकडा सांगितला, त्यांनी पैज लावली आणि हरले. उद्या आणखी चौघांना घेऊन येणार आहेत, त्यांना हरवायला.

एक अतिशहाणा भेटला. मॉन्स्टेराचं फळ कणसासारखं असतं. त्याचे हिरवे खवले आपोआप गळतील तेवढाच भाग खायचा, बाकीचा झाकून ठेवायचा. मी सांगेपर्यंत याने न गळलेल्या भागाचा लचका तोडला. मग बराच वेळ जीभ बाहेर काढून बसला होता. तोंडात सुया टोचतात म्हणाला. मी म्हटलं, "झाड सांगतं कधी खायचं ते, आपण थांबत नाही." वरच्या मजल्यावरचा शिंपी ड्युरियनच्या वासाने खाली धावत आला, गॅस गळतोय म्हणून. त्याला बसवून एक फोड दिली. आता गॅस कधी गळणार ते विचारत असतो.

जाबुटिकाबाच्या कुंडीपुढे मात्र सगळेच गप्प होतात. फांद्यांना काही नाही, आणि खोडाला थेट काळी द्राक्षं चिकटलेली.

रविवार, ११ ऑक्टोबर

आज एक परिचारिका आली होती, मैत्रिणींबरोबर. सगळं चवीने खाल्लं, स्टारफ्रूट तेवढं बाजूला सारलं. मी विचारलं, आवडत नाही का? म्हणाली, "मला आवडतं हो. पण आमच्या वॉर्डात हे फळ दाराच्या आत येऊ देत नाहीत. ज्यांच्या किडन्या अधू, त्यांना हे विष. त्यातलं जे काही असतं ते किडनीवाटे बाहेर पडतं, ती नाही चालली की मेंदूत जातं. उचक्या सुरू होतात आणि थांबतच नाहीत. मग माणूस बरळायला लागतो. वेळेत डायलिसिसच्या मशीनवर घेतला तर वाचतो." मग म्हणाली, "काका, इथे एक पाटी लावा."

मी हो हो म्हटलं. पण पाटी कशी लावणार? जेवायला बोलवायचं आणि दारात दवाखान्याचा फलक टांगायचा, असं कोणी करतं का? धडधाकट माणसाला काही होत नाही. आणि अधू किडनीचा माणूस माझ्याकडे कशाला मरायला येईल? त्याला त्याचे डॉक्टर सांगत असतीलच. बघू. धंदा जरा मार्गी लागू दे.

बुधवार, १४ ऑक्टोबर

आज जे ऐकलं ते ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

दुपारी अवजारांच्या खोलीत कुंड्या धूत होतो. व्याही नेहमीसारखे आले आणि स्टारफ्रूटखाली जाऊन उभे राहिले. ते झाड दिसतं छान. जांभळट गुलाबी फुलांचे बारीक झुबके थेट जुन्या फांद्यांवर, आणि संध्याकाळ झाली की पानं हात जोडल्यासारखी मिटतात. व्याह्यांचा फोन वाजला. आवाज खाली केला त्यांनी, पण माझ्यापुढे खालचा आवाज म्हणजे ओरडणंच.

"आकडा वाढलाय ते कळलं मला, डॉक्टर. पण मशीनवर आत्ता नाही. घरी कोणालाच माहीत नाही. सुनेला दिवस गेलेत, तिचं बाळंतपण पार पडू दे. आणि मुलाला कळलं ना, तर दुसऱ्या दिवशी स्वतःची किडनी काढून द्यायला तुमच्या दारात उभा राहील. ओळखतो मी त्याला. हो, केळी बंद केलीत. शहाळंही बंद. तुमच्या यादीबाहेरचं काही खात नाही."

फोन खिशात टाकून त्यांनी हात वर केला आणि एक स्टारफ्रूट तोडलं. असली फळं त्या यादीत कुठून असणार?

मी दारापर्यंत गेलो होतो. हाक तोंडात होती. पण हाक मारली की आपण ऐकलं हे सांगावं लागणार. मग ते माझ्याकडून वचन घेणार, आणि पुढेमागे मुलीला कळलं तर ती विचारणार, बाबा, तुम्हाला माहीत होतं? शिवाय खरं लिहायचं तर, जावयाची किडनी जागच्या जागी राहावी असं मलाही वाटलं. लाखात एक मुलगा आहे. घरात पाळणा हलायचाय. माझ्या मुलीचा नवरा एका किडनीवर जगावा अशी इच्छा मी कशी करू? आणि हे गुपित त्यांचं. दुसऱ्याचं गुपित चव्हाट्यावर आणणारा मी कोण? सभ्य माणसाने ऐकलेलं पोटात ठेवावं.

मी बाहेर आलो तेव्हा त्यांनी अर्धं खाल्लं होतं. "किडकं दिसतंय" म्हणून उरलेलं हातातून काढून घेतलं. ते म्हणाले, "कीड कुठे आहे दाखवा." मी दाखवू शकलो नाही.

गुरुवार, १५ ऑक्टोबर

उपाय सापडला. झाडावर हिरवी जाळी टाकली आणि पाडाला आलेली सगळी फळं उतरवून आतल्या फ्रिजमध्ये ठेवली. कोणालाही न दुखवता काम झालं. व्याह्यांना सांगितलं, स्टारफ्रूट संपलं. ते म्हणाले, "कालपर्यंत लगडलं होतं." मी म्हटलं, ऑर्डर आली मोठी. त्यांच्यापुढे रामबुतान ठेवलं. केसाळ फळ हातात धरून म्हणाले, "हे सोलू का याची दाढी करू?"

तो विनोद मला इतका आवडला की घरी येऊन हिला सांगितला. रात्री शांत झोप लागली.

सोमवार, १९ ऑक्टोबर

व्याही ऐकत नाहीत. आज जाळीशी जाऊन उभे.

"व्याही, संपलं ना? मग आत हे पिवळं काय चमकतंय? दिवे लावलेत?"

"कच्चं आहे ते."

"कच्चं, आणि पिवळं?"

"औषध मारलंय. आठवडाभर खाता येणार नाही."

"आधी संपलं, मग कच्चं झालं, आता औषध. अहो, मोजणीत जमीनमालक असेच बोलायचे. बांध सरकवला की एकाला तीन कारणं."

हसत हसतच म्हणाले, पण घरी जाताना पाणीसुद्धा प्यायले नाहीत. बायको दुकानात पैसे मोजत होती, तिने सगळं ऐकलं. संध्याकाळभर माझ्याशी बोलली नाही. मग जेवताना म्हणाली, "मुलीच्या सासऱ्यांना एका फळासाठी परत पाठवता? हातगाडीवर होतात तेव्हा तरी दिलदार होतात." मी म्हटलं, धंद्यातलं तुला कळत नाही. ती म्हणाली, "धंद्यातलं नाही, पण लाज मला कळते."

तिला सांगायला हरकत नव्हती. पण तिच्या पोटात राहणार नाही, मुलीला जाणार. म्हणून नाही सांगितलं.

शनिवार, २४ ऑक्टोबर

आजचा दिवस जोरदार. शाळेतल्या शिक्षकांचा मोठा गट आला होता. प्रत्येकाला आधी जादूबोर चघळायला दिलं. ते बोर चघळल्यावर तासभर आंबटाचं गोड लागतं. मग नुसतं लिंबू दिलं. मुख्याध्यापक लिंबाच्या फोडीमागून फोडी खात होते आणि "यात साखर घातलीत तुम्ही" म्हणून माझ्याशी भांडत होते. सगळं घर हसत होतं.

त्या गोंधळात बायको दारात येऊन म्हणाली, "पोर आलीय. तिच्याबरोबर व्याह्यांना काही पाठवू का हो?" मी हात हलवला. पाठव की, विचारतेस काय.

रविवार, २५ ऑक्टोबर

मुलगी सकाळी रिकामी बरणी परत द्यायला आली. दुकानातच भेटली. सासऱ्यांना ती पप्पा म्हणते.

"बाबा, आईने काय झकास रस दिला हो काल. पप्पांनी एकट्याने बरणी संपवली. मला आंबट नको वाटतं हल्ली. आई म्हणाली, बाबांच्या फ्रिजमधली सगळी फळं पिळली, त्यांना सांगू नकोस."

हसली. मग म्हणाली, "पण पप्पांना रात्रीपासून उचकी लागलीय. थांबतच नाही."

मी तिच्या मागोमाग घरी गेलो. व्याही खुर्चीत बसले होते. दोन वाक्यं धड होत नव्हती. "मोजणी खातं... सगळंच्या सगळं... एकदम आठवण काढतंय." कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी पित्ताची गोळी दिली होती. जावई पाठीवर हात फिरवत होता. त्याच्यादेखत कसं बोलणार? तो चहा टाकायला आत गेला तेवढ्यात मी खुर्ची पुढे ओढली. व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. "साखर किती?" विचारायला जावई बाहेर आला आणि ती वेळ टळली. त्यात माझा काही दोष नव्हता.

उचकीच आहे. उचकी कोणाला लागत नाही? रस तसा पातळ असतो. पूर्वी त्यांनी चकत्या खाल्ल्याच होत्या, तेव्हा काही झालं नव्हतं. उद्या सकाळपर्यंत थांबली नाही तर स्वतः सांगेन.

सोमवार, २६ ऑक्टोबर

सकाळ होण्याची वाट बघायला नको होती. उजाडता उजाडता जावयाचा फोन. व्याह्यांनी सुनेला स्वतःच्या बायकोच्या नावाने हाक मारली, घरात टेप शोधत फिरले आणि भिंतीला धरून खाली बसले. आम्ही दोघं इस्पितळात पोचलो तेव्हा ते डोळे उघडे ठेवून दुसरीकडेच कुठेतरी होते. मधूनमधून उचकी.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, खाण्यात काही वेगळं? बायको पुढे होऊन म्हणाली, "मी फळाचा रस पाठवला होता. ताजा होता हो. मीच पिळला."

तेव्हा मी बोललो. म्हटलं, तो स्टारफ्रूटचा रस होता. माझ्याकडे एक परिचारिका आली होती. ती म्हणाली होती की किडनी अधू असेल तर हे फळ बाधतं आणि त्याची खूण उचकी. मला आपली शंका येते, यांच्या किडन्या एकदा बघाल का?

मला आपली शंका येते. हेच शब्द वापरले मी.

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि पळत गेल्या. रक्ताचा निकाल आल्यावर व्याह्यांना मशीनवर घेतलं. जावई भिंतीला टेकून म्हणाला, "किडनी? त्यांना किडनीचं काही नव्हतं." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

बायको बाकाच्या टोकाला बसली होती. स्वतःच्या हातांकडे बघत होती.

गुरुवार, २९ ऑक्टोबर

व्याही शुद्धीवर आले. मशीन दुसऱ्यांदा लावल्यावर उचकी थांबली. किडन्या जुन्याच खराब होत्या आणि त्यांनी ते लपवलं होतं, हे सगळ्यांना कळलं. आता मशीन कायमचं. जावयाने त्याच दिवशी स्वतःच्या तपासणीची चौकशी केली.

डॉक्टरीणबाई जावयाला म्हणाल्या, "तुमच्या सासऱ्यांना आठवलं नसतं तर आम्ही मेंदूच तपासत बसलो असतो." जावई सगळ्यांसमोर माझ्या पाया पडला. मुलीने मला घट्ट धरलं. मी म्हणत होतो, अरे असू दे, असू दे. लोकांना वाटलं, माणूस किती साधा आहे.

मुलगी आईशी मात्र तुटक. बायकोने डबा पुढे केला तर म्हणाली, "आई, राहू दे. तू काय पाठवतेस ते कोणाला तरी विचारत जा आधी." बायकोने डबा पिशवीत परत ठेवला. गरोदर पोर आहे, चिडचिड होतेच. होईल आपोआप ठीक. मी मध्ये पडलो नाही. बायकांच्या बोलण्यात पुरुषाने पडू नये.

सोमवार, २ नोव्हेंबर

मोठी पाटी लावली. किडनीचा त्रास असलेल्यांनी स्टारफ्रूट खाऊ नये. खाली उचकीची खूण लिहिली. गिऱ्हाइकं वाचतात, एकमेकांना विचारतात, आणि आत येऊन खातात. कोणीही परत गेलं नाही. ज्या पाटीला मी घाबरत होतो ती अशी निघाली.

बायको चाखणघरात येत नाही. दुकानात बसते, पण फळ चिरत नाही, गिऱ्हाइकाला "सुरी तुम्हीच घ्या" म्हणते. घरातली सरबताची भांडी तिने माळ्यावर टाकलीत. जेवण अर्धं टाकून उठते. मी म्हटलं, व्याही बरे आहेत ना आता, मग? ती म्हणाली, "बरे आहेत. पण माझ्या हातानं मशीनवर गेले." मी म्हटलं, आज ना उद्या मशीन लागणारच होतं. ती म्हणाली, "ते मला नव्हतं माहीत. मला फक्त रस माहीत होता." मी तिला एक मँगोस्टीन फोडून दिलं. तिने ते ताटलीत तसंच ठेवलं.

गुरुवार, ५ नोव्हेंबर

व्याही घरी आलेत. जावई औषधं आणायला गेला, मुलगी आत पडली होती. पहिल्यांदाच दोघंच होतो. ते खिडकीच्या चौकटीकडे बघत होते. मग म्हणाले,

"ही चौकट डावीकडे झुकलीय. कोणाच्या लक्षात येत नाही."

"हं."

"व्याही, तुम्ही जाळी कधी टाकलीत?"

मी म्हटलं, "झाली काही दिवस."

"मी फोनवर बोललो त्याच्या दुसऱ्या दिवशी. आणि फोनच्याच दिवशी ते फळ माझ्या हातातून काढून घेतलंत. अवजारांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. मला वाटलं, वारा."

मी टेबलावरचा पेला उगाच इकडचा तिकडे केला.

ते म्हणाले, "नुसतं सांगायचं होतं ना मला. एका कोपऱ्यात घेऊन."

"सांगितलं असतं तर तुम्हाला मुलाला सांगावं लागलं असतं."

"लागलं असतं. नाहीतर तुम्ही सांगितलं असतं. आणि तेच आपल्या दोघांना नको होतं. पोराच्या किडनीसाठी मी लपवलं, पोरीच्या नवऱ्याच्या किडनीसाठी तुम्ही. एकाच बांधावर उभे होतो, अलीकडे पलीकडे." मग हसले. "जाऊ दे. मी कोणाला बोलणार नाही. तुम्हीही नका बोलू. त्यांना तुम्ही देव वाटताय, राहा काही दिवस देव. मला तरी कुठे कोणी देव बनवलं?"

मी त्यांचे हात धरले. रस्त्याने येताना पाय हलके पडत होते. ज्याचा अपराध केला त्यानेच माफ केलं, मग आणखी कोणाकडे जायचं राहिलं? विषय संपला.

रविवार, ८ नोव्हेंबर

विषय संपलेला नाही. काल संध्याकाळी बायको अंगणात गेली होती, इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच. मी दाराशी उभा होतो. ती जाळी काढलेल्या झाडाखाली उभी राहून पानं मिटताना बघत होती. मला बघून म्हणाली, "अहो, एक विचारू? तुम्ही त्यांना हे फळ देत नव्हतात. मी तुम्हाला कंजूष म्हटलं, तोंडाला येईल ते बोलले. तुमचं मन कुठेतरी सांगत होतं का हो, की देऊ नये?"

माझ्यासाठी तिने स्वतःच वाट काढून दिली होती. मन सांगत होतं, म्हटलं असतं की झालं. तिच्या नजरेतही देव झालो असतो. ती पुढे म्हणाली, "तुमचं मन असं, आणि माझं डोकं असं. तुम्ही वाचवायला बघत होतात आणि मी बरणी भरत होते. पोर म्हणते ते खरं आहे."

तिचा चेहरा मी नीट पाहिला. गालफडं वर आली आहेत. इतके दिवस रोज समोर जेवायला बसतो, पण ती जेवत नाही हे मला दिसलं होतं आणि मी ते मोजलं नव्हतं.

सांगितलं. तिथेच. फोन, दार, परिचारिका, जाळी, सगळं. आणि बरणी परत आली त्या सकाळी मला सगळं कळलं होतं, तरी अख्खा दिवस गप्प राहिलो, हेही. जावयाच्या किडनीबद्दल सांगताना जीभ अडखळली, पण तेही सांगितलं.

ती रडली नाही, ओरडली नाही. मग म्हणाली, "माझ्या पोटात राहिलं नसतं म्हणून मला सांगितलं नाहीत."

"हो."

"मग इतके दिवस हे माझ्या पोटात कसं राहू दिलंत?"

मी म्हटलं, व्याह्यांनी माफ केलंय. तिने माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य मी गिळलं. म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मी तर तुमच्याबरोबरच राहणार आहे. जिने माझा डबा परत केला तिला सांगा." आणि आत निघून गेली.

सोमवार, ९ नोव्हेंबर

गेलो. जावई आणि मुलगी जेवायला बसले होते, व्याही आत झोपलेले. "बाबा, बसा, जेवा" म्हणाले. मी उभ्यानेच बोललो, बसलो असतो तर विषय बदलला असता. व्याह्यांशी गुरुवारी जे ठरलं ते मोडतोय हे माहीत होतं. त्यांचं नाव मध्ये आणलं नाही. फक्त माझं सांगितलं, की मला आधीपासून माहीत होतं. फळाचं आणि किडनीचं, दोन्ही. आईला काही माहीत नव्हतं. इस्पितळात मी शंका म्हणालो ती शंका नव्हती.

जावयाचा घास हातात राहिला. म्हणाला, "आदल्या दिवशी मी चहा करत होतो, तेव्हाही?"

"तेव्हाही."

तो उठला, हात धुतले, आणि वडिलांच्या खोलीत जाऊन बसला. दार लावलं नाही, पण पाठ आमच्याकडे केली.

मुलीने विचारलं, "का?"

मी म्हटलं, "त्याला किडनी द्यावी लागली असती. तुझ्यासाठी म्हणून."

"माझ्यासाठी." ती पोटावर हात ठेवून बसली होती. "त्याची तपासणी झालीय बाबा. जुळतेय. तो देणारच आहे. मग मला त्यातून मिळालं काय? पप्पा मरता मरता वाचले आणि आईशी मी पंधरा दिवस धड बोलले नाही."

मी म्हटलं, चुकलं. ती म्हणाली, "हो." एवढंच. मला वाटलं रागावेल, रडेल. रागावली असती तर समजूत काढता आली असती, ते मला जमतं.

तिने फोन उचलला आणि आईला लावला. माझ्यासमोरच, माझ्याकडे न बघता.

"आई, जेवलीस का?... नाही, काही झालं नाही. उद्या मी येते तिकडे. तू कर काहीतरी, मी खाईन. काहीही कर गं. हो, रससुद्धा चालेल."

मग बराच वेळ नुसतीच ऐकत राहिली. पलीकडे माझी बायको काय बोलत होती कोण जाणे. मुलगी "हं, हं" करत होती आणि डोळे पुसत होती. मी तिथेच उभा होतो. कोणी मला बसा म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. आत जावयाने वडिलांच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. ताटातलं अन्न निवत होतं.

थोड्या वेळाने मी चपला घातल्या. मुलीने फोनवर हात ठेवून मान वर केली आणि म्हणाली, "कडी बाहेरून लावू नका, नुसतं दार ओढून घ्या."

मी दार ओढून घेतलं.